बोट सापडली

"काय सांगितलं मी?"

कुणाला काही सांगून झालं की तो हा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर दिल्याशिवाय सुटका नसायची. आमच्या बंदरावर तेव्हा वीज आली नव्हती. रेडिओ बॅटरीवर चालायचे आणि त्या भरायचं तेलावरचं इंजिन एकट्या त्याच्याकडे होतं. भरलेली बॅटरी घेऊन गिऱ्हाईक निघालं की हा त्याला उंबऱ्यावर थांबवायचा. बॅटरी उभी न्यायची, आडवी करायची नाही, पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही. काय सांगितलं मी? गिऱ्हाइकाने सगळं म्हणून दाखवलं की मान हलवून जाऊ द्यायचा. एकदा पोस्टमास्तर चिडले. "मी काय शाळेतला पोर आहे का हो?" तो शांतपणे म्हणाला, "पोराला नसतं विचारलं. पोरं ऐकून घेतात." पोस्टमास्तरांनी म्हणून दाखवलं.

मला त्याची ही खोड पटायची. धंद्यात निम्मी भांडणं अर्धवट ऐकण्याने होतात, हे मी रोज बघत होते. रेवदंड्याच्या खाडीवर आमची लाकडाची वखार होती. यजमान गेल्यावर ती मी चालवायला घेतली. बाईमाणसाने सांगितलेलं अर्धंच ऐकायचं, अशी तेव्हा पुष्कळांना सवय होती. मग मीही त्याचंच वाक्य वापरायला लागले. उपयोग झाला.

त्याला सगळे बत्तीवाला म्हणायचे. मालवाहू आगबोटींवर दिवे, तारा आणि बॅटऱ्या सांभाळणाऱ्या खलाशाला बत्तीवाला म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं त्याने तेच काम केलं होतं. बोटीवरच्या बिनतारी यंत्राच्या खोलीत पडेल ते काम करता करता तेही शिकून घेतलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. मूळची वाडी खाडीच्या वरच्या अंगाला, भातशेतीच्या पट्ट्यात. तिथे त्याचे भाऊबंद होते. पण तो तिथे कधी जात नसे. माझ्या वखारीला लागून पत्र्याची एक खोली होती, तिथे राहायचा. का, ते मी विचारलं नाही. भाडेकरू वेळेवर झोपतो आणि दारू पीत नाही, एवढं मला पुरेसं होतं.

एक दिवस तो लाकूड मागायला आला. हलकं हवं, पाण्यात फुगायला नको, तडकायला नको. मी म्हटलं, शिवणीचं लाकूड घ्या. कशाला हवंय?

"बोट करायचीय."

"होडी म्हणा."

"होडी नाही, बाई. बोट."

हा फरक आपल्याकडे कुणाला समजवावा लागत नाही. वल्ह्याची ती होडी, शिडाचा तो मचवा नाहीतर गलबत, आणि धूर सोडत जाते ती बोट. मला वाटलं, खेळण्यातली हातभर लांबीची काहीतरी करणार. त्याने माझ्या मागच्या पडवीत सांगाडा उभा केला तेव्हा कळलं की आडव्या झोपलेल्या उंच माणसापेक्षाही ती लांब होणार. पडवी पावसाळ्याआधी रिकामी करून द्यावी लागेल, असं मी त्याला बजावलं. त्याने ऐकून घेतलं. पडवी दोन पावसाळे रिकामी झाली नाही.

बोट हळूहळू अंग धरत होती. शिवणीच्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून तो बरगड्यांवर बसवायचा. सांध्यात कापूस आणि राळ भरायचा, आपले होड्यांचे सुतार भरतात तशी. धुराडं रॉकेलच्या डब्याचं. माल चढवायच्या याऱ्यांना छत्रीच्या काड्या. माल आत सोडायच्या तोंडाला तो फाळका म्हणायचा. त्या प्रत्येक फाळक्याचं झाकण उघडायचं आणि खाली खरोखर पोकळ जागा असायची. एवढंच नाही, मधला सगळा तक्ताच उचलून बाजूला ठेवता यायचा. मी विचारलं, आतलं कुणाला दिसणार आहे? तो म्हणाला, "ज्याला बघायचंय त्याला दिसलं पाहिजे."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो भलत्याच गोष्टीवर. बोटीच्या दोन्ही अंगांना, वर, वाकड्या लोखंडी काट्यांना टांगलेल्या पंजाएवढ्या लहान लहान बोटी असतात ना, संकटात जीव वाचवायच्या, त्या तो कोरायचा आणि टाकून द्यायचा. पुन्हा कोरायचा. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "एवढं मोठं धूड उभं केलंत आणि या खेळण्यांपाशी काय अडलात?"

त्याने हातातली पटाशी खाली ठेवली. "बाई, ते धूड यांच्यासाठीच केलंय."

मग त्याने सांगितलं. त्याच्या वाडीतला नामा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. यानेच त्याला बोटीवर चिकटवला होता. नामा आगवाला होता, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी भट्टीत कोळसा टाकणारा. स्वातंत्र्यानंतरच्या एकदोन वर्षांतली गोष्ट. आफ्रिकेच्या वाटेवर असताना बत्तीवाल्याला तापाने घेरलं आणि त्याला एडनच्या इस्पितळात उतरवून बोट पुढे गेली. पुढे वादळ झालं. बोटीचा पत्ता लागेना. हा बरा होऊन मुंबईला आला तेव्हा कचेरीत त्याला सांगितलं की शोध घेतला, त्या बोटीवरची जीव वाचवायची एक लहान बोट तेवढी समुद्रात रिकामी तरंगताना सापडली, बाकी काही नाही. तुझ्याच गावचा माणूस आहे, तर घरी तूच सांग.

तो वाडीत पोचला तेव्हा नामाच्या अंगणात बायका जमल्याच होत्या. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "बोट सापडली." पुढचं वाक्य तयार होतं. तेवढ्यात नामाची बायको ठकूबाई घरातून रेशनच्या साखरेची मूठ भरून धावत आली आणि तिने ती त्याच्या तोंडात घातली. चांगली बातमी आणणाऱ्याचं तोंड गोड करायचं, ही आपली रीतच.

"साखर विरघळेपर्यंत मला बोलता येईना, बाई. तेवढ्यात तिने घरोघर साखर वाटली."

त्याच संध्याकाळी त्याने सगळं नीट सांगितलं. वाडीला पटलं. नामाच्या भावाला पटलं. ठकूबाईला पटलं नाही. तिने आगबोट कधी जवळून पाहिली नव्हती. टेकडीवरून दिसणारा धूर म्हणजे तिच्या लेखी बोट. बोटीवर आणखी बोट असते, हे तिला शब्द फिरवल्यासारखं वाटलं. हा जेव्हा जेव्हा वाडीत गेला तेव्हा तिने एकच विचारलं, बोट सापडली म्हणालात ना भावजी, मग मानसं कुठं ठेवली? शेवटी याने वाडीत जाणंच सोडलं.

लोक सांगायचे की तेव्हापासून तो चहात साखर घेत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, बोटीवर साखर पुरायची नाही, तेव्हाची सवय आहे. दोन्ही खरं असेल.

माणूस हरवला आणि प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं आपल्याकडे करतात. नामाची बारा वर्षं भरत आली होती. ठकूबाईच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी रास्त प्रश्न विचारला होता: मुलीचा बाप आहे की नाही? आई हळदीला सवाष्ण म्हणून उभी राहणार की नाही? दोन्हींतलं एक सांगा, आम्ही तिथी काढतो. दीर म्हणत होता, विधी उरकून घेऊ. ठकूबाई म्हणत होती, जिवंत माणसाला जाळणार न्हाय. मुलीचं लग्न त्यात अडकलं होतं. आणि बत्तीवाल्याला पक्कं वाटत होतं की ते आपल्या दोन शब्दांत अडकलंय.

मला ठकूबाईचा राग यायचा, हे लपवत नाही. मीही नवरा गमावलेली बाई होते आणि दुसऱ्या महिन्यात वखारीत जाऊन बसले होते. पण माझा माणूस माझ्या डोळ्यांसमोर गेला होता. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. तिला तेवढंसुद्धा मिळालं नव्हतं. हे मला बोट बघता बघता कळत गेलं.

बोट रंगवून झाल्यावर त्याने ठकूबाईला आणि तिच्या दिराला बोलावलं. ती आली. उन्हाने रापलेली, ताठ, कपाळावर भलंमोठं कुंकू. तिने पडवीत पाऊल टाकलं आणि बोटीभोवती एक फेरी घातली, गुरांच्या बाजारात बैलाभोवती घालतात तशी. बत्तीवाला खूप वेळ बोलला. ही पुढची नाळ, हे फाळके, हा कप्तानाचा माळा, आणि या वर टांगलेल्या लहान बोटी. यांनाही बोटच म्हणतात, वहिनी. यातली एक सापडली होती. मग सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "काय सांगितलं मी?"

ठकूबाई म्हणाली, "बोटीवर बोट असते, असं सांगितलंत. लाकडाचं काय, भावजी. तुमी तिच्यावर बैलगाडी बशिवलीत तरी बसंल."

मला हसू आलं, ते मी दाबलं. दीर म्हणाला, वहिनी, पुरे आता. ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. "पान्यात चालवून दाखवा," ती म्हणाली. "ही पिल्लं डोक्यावर घेऊन ती चालते का बघू. आनि दोरी न्हाय लावायची. दोरीनं वढलं तर दार पन तरंगत जातं."

ती गेल्यावर मला वाटलं होतं, हा खचेल. तो उलट खूश दिसला. म्हणाला, "बरोबर बोलली. दोरी लावलेली बोट कसली?"

पुढचे काही महिने माझ्या पडवीत जे चाललं त्यातलं मला निम्मंच समजलं. तो मुंबईला जाऊन लष्कराच्या भंगारातून काचेचे व्हॉल्व, एक मोटर आणि तारांची भेंडोळी घेऊन आला. एक पेटी बोटीच्या पोटात बसली. दुसरी त्याच्या गळ्यात, तिला उंच काठी आणि एक बटण. बटण दाबलं की हवेतून हुकूम जातो आणि सुकाणू फिरतं. बोटीवर उजव्या बाजूला जमना म्हणतात आणि डाव्या बाजूला डावा. एकदा दाबलं की जमना, सोडून पुन्हा दाबलं की डावा. दाबताना तो तोंडाने पुटपुटायचाही, जसं काही लाकडाला ऐकू जाणार होतं. त्याने बटण दाबलं की माझा वखारीतला रेडिओ खरखरायचा. बाजारभाव ऐकताना नेमका सुपारीचा भाव त्या खरखरीत बुडाला की मी भिंतीवर थाप मारायचे. पलीकडून आवाज यायचा, "झालं, बाई, डावा झाला."

मी विचारलं, थांबवायची कशी? तो म्हणाला, थांबत नाही. मोटर एकदा सुरू केली की ती चालणार, आपल्याला फक्त वळवता येतं. मग परत कशी आणणार?

"चिखलात घालायची."

नवरात्र झाल्यावर त्याने दिवस धरला. भरती पुरी होऊन पाणी क्षणभर स्थिर होतं, ती वेळ. बंदरावर निम्मं गाव जमलं. बोट उचलायला हमाल लागले. एका कोळ्याने नारळ पुढे केला तर बत्तीवाल्याने नको म्हटलं. ही बोट धंद्याला जात नाही, म्हणाला. ठकूबाई दिराबरोबर उतारू नेणाऱ्या पडावाने आली होती. ती पायऱ्यांवर सगळ्यात खाली, पाण्याशी उभी राहिली.

बोट पाण्यात बसली, जरा डुलली, आणि निघाली. लांबून बघितलं तर आकार हरवून जातो. खाडीच्या मध्यावर गेली तेव्हा ती दूर समुद्रात चाललेली खरीखुरी बोटच वाटायला लागली. दोन्ही अंगांना त्या लहान बोटी टांगलेल्या. तो पुटपुटत होता, जमना, डावा, जमना. ती वळत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठकूबाईने नाही.

तेवढ्यात साळावकडून एक इंजिनाचा मचवा आला. त्याला कुणीतरी हात केले, पण तो आपल्या नादात होता. मागून त्याच्या लाटा आल्या. पहिली लाट बोटीने झेलली. दुसरीला ती एका अंगावर पार कलली. बत्तीवाल्याने बटण सोडलं. बोट कलली, थांबली, आणि कशीबशी उठली. उठताना वरच्या काट्यावरून एक लहान बोट निसटली आणि पाण्यात पडली.

"अरे, पिल्लू सुटलं," कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

लहान बोट उलटली नाही. सरळ पडली. मोठी पुढे निघून गेली आणि ही मागे एकटीच लाटेवर वरखाली होत राहिली. तिच्यात कुणी नव्हतं.

ठकूबाई पायरी उतरून पाण्यात गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने त्या लहान बोटीकडे बोट केलं. "भावजी. ती सापडली व्हती?"

"तीच, वहिनी."

"तिच्यात कुनी बसलं न्हवतं?"

"नाही. कुणी सोडलीच नव्हती ती. आपोआप तुटली."

कचेरीत कळलेलं हे तो आजवर तिला बोलला नव्हता. कुणी तिला सोडायला वरपर्यंत पोचलंच नाही, हा त्याचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. पुढे त्याने बोट वळवून काठाच्या चिखलात घातली. तिचा पंखा चिखल उडवत राहिला, मग त्याने धावत जाऊन हात घालून तो बंद केला.

ठकूबाई त्याच्या मागोमाग गेली. "ह्ये कुठं व्हते?"

नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही, पण प्रश्न कुणाबद्दल ते उघड होतं. बत्तीवाल्याने मधला तक्ता उचलून बाजूला ठेवला. आत वरपासून खालपर्यंत एक अरुंद शिडी होती, त्याने काड्यापेटीच्या काड्यांची केलेली, आणि तळाशी काळी रंगवलेली भट्टी. तिने बाही वर केली आणि हात आत घातला. शिडी चाचपत चाचपत तिचा हात खाली गेला, कोपरापर्यंत, मग त्याच्याही वर.

"हितं?"

"तिथेच."

ती बराच वेळ हात तसाच ठेवून वाकून उभी होती. मग म्हणाली, "लय खाली हाय."

तिने हात काढला, खाडीच्या पाण्यात धुतला, पदराला पुसला. कुंकू तिने तिथे पुसलं नाही, आणि रडलीही नाही. पडावात बसताना दिराला एवढंच म्हणाली, "भटाला सांगा."

बत्तीवाला चिखलात बसून होता. या वेळी त्याने कुणालाही काही म्हणून दाखवायला सांगितलं नाही.

मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. ठकूबाई मांडवाच्या मागे, चुलीपाशी होती. बत्तीवाल्याला बोलावणं होतं, तो गेला आणि पंगतीला बसून जेवून आला, असं मला कळलं. त्यानंतर वाडीला त्याच्या चकरा सुरू झाल्या. आणि वर्षभरात, मला अजिबात कल्पना नसताना, तो खोली रिकामी करायला आला. मुंबईला जाऊन नाव नोंदवून आला होता. पुन्हा बोटीवर. मी म्हटलं, या वयात? तो म्हणाला, दिवे लावायला वय लागत नाही. बोटीचं काय करू विचारलं तर म्हणाला, लाकूड तुमचं आहे, तुम्ही ठरवा. मला पडवी हवी होती. मी ती मोठी बोट वाशांना दोरखंड बांधून वर टांगली आणि खाली फळ्या रचल्या.

तो अधूनमधून सुटीवर यायचा, वाडीला जायचा, येताना माझ्याकडे चहा घ्यायचा. मग यायचा थांबला.

काही वर्षांनी मुरुडकडचा एक कसाब वखारीत आला. बोटीवरचं भांडार सांभाळतो तो कसाब. म्हातारा मुसलमान, बोलायला अतिशय अदबशीर. उभ्याउभ्याच म्हणाला, बाई, बत्तीवाले गेले. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. मोंबासाच्या इस्पितळात गेला. छातीचं दुखणं होतं. तिथल्या गुजराती मंडळींनी सगळं रीतीप्रमाणे केलं. मग मी वखारीला कुलूप लावलं आणि त्याला म्हटलं, एवढ्या लांब आलात, आणखी थोडं चला. आपण पडावाने वाडीला जाऊ. मी ऐकलेलं मी सांगणार नाही. तुम्ही बघितलंय, तुम्हीच सांगा.

ठकूबाई अंगणात भात वाळवत होती. कसाबाने सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "तुमी व्हतात तिथं?"

"होतो, बाई. हात माझ्या हातात होता."

"जेवत व्हते?"

"शेवटी शेवटी पेज घ्यायचे."

"अग्नी कुनी दिला?"

त्याने तेही सांगितलं. तिने मान हलवली. कसाबाला बसायला घोंगडी टाकली, दिराच्या सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग उंबऱ्याजवळची कळशी उचलली आणि घरामागच्या न्हाणीत गेली. आम्हाला डोक्यावरून ओतलेल्या पाण्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा, पुन्हा. आपल्याकडे मेलेल्या नातेवाइकाची बातमी कळली की बाया अशी आंघोळ करतात. तो तिचा कुणी लागत नव्हता.

ती निथळत्या लुगड्याने बाहेर आली आणि कसाबाला चहा दिला.

मी ओहोटीबरोबर परत आले. माझा तर तो नुसता भाडेकरू होता. घरी येऊन मी आधी न्हाणीत गेले, आणि डोक्यावरून पाणी घेतलं.